तक्त्याची रुंदी कोण ठरवणार?

या वेळच्या पत्रांपैकी चार पत्रे तक्त्यांविषयीची आहेत. कुणाचा रकाना टंकता टंकता फुगतो, कुणाला रुंदीचा आकडा बदलताच येत नाही, कुणाच्या तक्त्यात मधोमध पायरी पडते, तर कुणाकडे परदेशातून आलेला तक्ता पानाबाहेर डोकावतो. चारही अडचणींचे मूळ एकच असल्यामुळे पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिले उत्तर विस्ताराने लिहिले आहे, कारण पुढची तिन्ही त्याच्याच आधारावर उभी आहेत.

प्रश्न : मी ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या हजेरीसाठी मी वर्डमध्ये सभासदांचा तक्ता केला. त्यात अनुक्रमांक, सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, ई-मेल आणि सही असे पाच रकाने आहेत. ई-मेलचा पत्ता टंकू लागलो की तो रकाना आपोआप रुंद होतो आणि सहीचा रकाना इतका आक्रसतो की त्यात आद्याक्षरही मावू नये. सीमारेषा माउसने ओढून जागेवर आणावी, तर पुढच्या सभासदाला ती पुन्हा सरकते. रुंदी एकदाच ठरवून पक्की करता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येईल, आणि त्यासाठी सीमारेषा ओढण्याची गरजही पडणार नाही. मात्र रकाना स्वतःहून का सरकतो, हे आधी समजून घेतले तर पुढच्या प्रत्येक तक्त्याच्या वेळी आपला वेळ वाचेल.

तक्त्याच्या रुंदीवर तिघांचा हक्क असतो. पहिला पानाचा, कारण दोन समासांमधल्या जागेपलीकडे तक्त्याने जाऊ नये अशी अपेक्षा असते. दुसरा मजकुराचा, कारण शब्दाला मावण्यापुरती जागा लागतेच. तिसरा तक्ता करणाऱ्याचा, कारण सहीला किती जागा हवी हे मजकुरावरून कळत नाही, ते फक्त करणाऱ्यालाच माहीत असते. वर्डमध्ये नवा तक्ता घातला की सहसा मजकुराचा हक्क सर्वांत वरचा मानला जातो. तक्त्यावर उजवी कळ दाबून 'टेबल प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडली आणि तिच्या पहिल्या पानावरचे 'ऑप्शन्स' हे बटण दाबले, तर 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेन्ट्स' अशी एक ओळ दिसते व तिच्यासमोर बरोबरची खूण आधीपासूनच केलेली असते. ती खूण आहे तोवर आपण दिलेल्या रुंदीला विनंतीइतकीच किंमत असते. त्या खिडकीत रुंदीला 'प्रेफर्ड विड्थ', म्हणजे पसंतीची रुंदी, असे नाव दिले आहे ते अगदी शब्दशः खरे आहे.

नावांच्या रकान्यात आपल्याला हा त्रास जाणवला नसेल. सभासदाचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे जागा कमी पडली की आडनाव खालच्या ओळीवर जाते आणि रकाना तेवढाच राहतो. ई-मेलच्या पत्त्यात मोकळी जागा नसते. पंचवीस-तीस अक्षरांची ती सलग साखळी वर्डच्या दृष्टीने एकच शब्द असते आणि तो शब्द न तोडता मावावा म्हणून वर्ड रकाना रुंद करतो. ही वाढीव रुंदी शेजारच्या रकान्यांतून घेतली जाते. सहीचा रकाना छापून होईपर्यंत रिकामाच असतो, त्याची बाजू मांडणारे एकही अक्षर तिथे नसते, म्हणून सर्वांत जास्त कात्री त्यालाच लागते.

उपाय असा. कर्सर तक्त्यात ठेवावा, म्हणजे वरच्या पट्टीत उजवीकडे तक्त्यासाठीचा 'लेआउट' हा विभाग दिसू लागतो. त्यातील 'ऑटोफिट' या बटणाखाली तीन पर्याय आहेत आणि ते नेमके वर सांगितलेल्या तीन हक्कदारांचे आहेत. 'ऑटोफिट कंटेन्ट्स' निवडले की मजकूर रुंदी ठरवतो, 'ऑटोफिट विंडो' निवडले की पान ठरवते आणि 'फिक्स्ड कॉलम विड्थ' निवडले की आपण ठरवतो. आपला तक्ता आधीच समासाबाहेर गेला असेल, तर प्रथम 'ऑटोफिट विंडो' दाबून तो पानात आणावा आणि त्यानंतर लगेच 'फिक्स्ड कॉलम विड्थ' दाबावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण उलट केले तर शेवटी पुन्हा पानाचाच हक्क लागू होतो. 'फिक्स्ड कॉलम विड्थ'ने 'ऑप्शन्स'मधली ती खूणही निघून जाते, तरी एकदा उघडून खात्री करून घेतलेली बरी.

आता प्रत्येक रकान्याला आकडा द्यायचा. माझा आग्रह आहे की हे काम पडद्यावर करण्यापूर्वी कागदावर करावे, कारण ही साधी बेरीज आहे आणि बेरीज चुकली की कोणतेही सॉफ्टवेअर ती सांभाळून घेऊ शकत नाही. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. दोन्ही बाजूंचे समास वर्डच्या नेहमीच्या मापाचे, म्हणजे प्रत्येकी २.५४ सेंटिमीटर असतील, तर मजकुरासाठी १५.९२ सेंटिमीटर उरतात. पाचही रकान्यांची बेरीज तेवढीच यायला हवी. अनुक्रमांकाला १.२, सदनिकेला १.८, नावाला ५.२, ई-मेलला ४.८ आणि सहीला २.९२ सेंटिमीटर दिले तर हिशेब बरोबर जुळतो. सहीला याहून जास्त जागा हवी असेल, तर ती नावातून घ्यावी, कारण नाव दोन ओळींत वाचायला काही हरकत नसते. किंवा पान आडवे करावे, म्हणजे त्याच समासांत २४.६२ सेंटिमीटर मिळतात. हे आकडे 'टेबल प्रॉपर्टीज'मधील 'कॉलम' या पानावर भरायचे आणि 'नेक्स्ट कॉलम' या बटणाने एकेक रकाना पुढे जायचे. आपल्याकडे मापे इंचांत दिसत असतील, तरी आकड्यापुढे सेंटिमीटरची 'सी' आणि 'एम' ही इंग्रजी अक्षरे टंकावीत, वर्ड स्वतः रूपांतर करून घेतो.

येथे एक बारीक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. रकान्याला दिलेली सगळी रुंदी मजकुराच्या वाट्याला येत नाही. प्रत्येक कप्प्याच्या आत डावीकडे आणि उजवीकडे वर्ड ०.१९ सेंटिमीटर जागा मोकळी सोडतो. म्हणजे अनुक्रमांकाच्या १.२ सेंटिमीटरपैकी अक्षरांना सुमारे ०.८२ सेंटिमीटर मिळतात. तीन आकडी क्रमांकाला तेवढे पुरतात, पण मथळा म्हणून 'अनुक्रमांक' असा पूर्ण शब्द लिहिला तर तो मधेच तुटून दोन-तीन ओळींत पडतो. अरुंद रकान्यांत मजकूर लहान आणि मथळा मोठा अशी स्थिती नेहमीच असते. तेव्हा 'अ. क्र.' आणि 'सद. क्र.' अशी रूढ संक्षिप्त रूपे वापरावीत. दोन्ही तुकडे एकाच ओळीत राहावेत असे वाटत असेल, तर त्यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न देता कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार या कळा एकत्र दाबाव्यात. ही न तुटणारी मोकळी जागा होय.

हीच न तुटणारी जागा कधीकधी नकळत तक्त्यात शिरते आणि मोठा घोटाळा करते. संकेतस्थळावरून किंवा दुसऱ्या फाइलमधून नावे चिकटवली आणि नावांचाही रकाना ई-मेलसारखा फुगू लागला, तर हाच संशय घ्यावा. होम विभागातले परिच्छेदखुणा दाखवणारे बटण दाबले की साध्या मोकळ्या जागी ठिपका दिसतो आणि न तुटणाऱ्या जागी छोटे वर्तुळ दिसते. वर्तुळे दिसली तर 'फाइंड अँड रिप्लेस'ने ती सगळी साध्या जागेत बदलून घ्यावीत.

रुंदी पक्की केल्यावर लांब ई-मेल ४.८ सेंटिमीटरमध्ये मावला नाही, तर तो मिळेल तिथे तुटून खालच्या ओळीवर जातो आणि वाचायला वाईट दिसतो. वर्डमध्ये 'इन्सर्ट', 'सिम्बॉल', 'मोअर सिम्बॉल्स' या वाटेने गेल्यावर 'स्पेशल कॅरेक्टर्स'च्या यादीत 'नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक' नावाचे एक अदृश्य चिन्ह मिळते. ते ॲट या चिन्हानंतर घातले की गरज पडेल तेव्हा पत्ता नेमका तिथेच तुटतो. सही घेण्यासाठी छापायच्या तक्त्यात हे खुशाल करावे. पण ज्या फाइलमधून कुणी पत्ता उचलून पत्र पाठवणार असेल, तिच्यात ते चिन्ह घालू नये, कारण पत्त्याबरोबर ते अदृश्य चिन्हही उचलले जाते आणि पत्र पोहोचत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल, तर हजेरीच्या तक्त्यात ई-मेलचा रकाना ठेवूच नये. सभासदांचे पत्ते संस्थेच्या नोंदींत असतातच. सभेच्या दाराशी प्रत्येकाचा ई-मेल प्रत्येकाला दिसण्याचे कारण नाही, आणि तो रकाना काढला तर सहीला हवी तेवढी जागा मिळते.

प्रश्न : आमच्या शाळेत संगणकांवर लिब्रेऑफिस आहे. वाचनालयातील पुस्तकांची यादी मी रायटरमध्ये तक्त्यात केली. तक्ता पानभर पसरलेला आहे, मला तो १२ सेंटिमीटरचा करून मध्यभागी हवा आहे. परंतु 'टेबल प्रॉपर्टीज'मध्ये रुंदीची चौकट फिकट दिसते आणि तिच्यात आकडा टंकता येत नाही. संगणकात काही बिघाड आहे का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : संगणक ठीक आहे. त्याच खिडकीत रुंदीच्या शेजारी 'अलाइनमेंट'चे पर्याय आहेत आणि तिथे 'ऑटोमॅटिक' निवडलेले असणार. रायटरमध्ये या शब्दाचा अर्थ असा, की तक्त्याने डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत पसरावे. पानाने रुंदी ठरवायची असे सांगून झाल्यावर आकडा विचारण्यात अर्थ नसतो, म्हणून ती चौकट फिकट होते. आपण 'सेंटर' निवडा, चौकट लगेच खुली होईल. तिच्यात १२ सेंटिमीटर भरा आणि 'कॉलम्स' या पानावर जाऊन रकान्यांची वाटणी करा.

त्या पानावर दोन खुणा आहेत आणि त्यांचा अर्थ नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'ॲडॅप्ट टेबल विड्थ' केले तर एका रकान्यात घातलेली वाढ संपूर्ण तक्त्याची रुंदी वाढवते. 'ॲडजस्ट कॉलम्स प्रपोर्शनली' केले तर सगळे रकाने प्रमाणात बदलतात. दोन्ही रिकाम्या ठेवल्या तर तक्ता तेवढाच राहतो आणि वाढ शेजारच्या रकान्यातून वजा होते. आपल्याला तक्ता १२ सेंटिमीटरचाच हवा असल्यामुळे दोन्ही रिकाम्या ठेवाव्यात.

ठाण्याच्या वाचकांना जो त्रास झाला तो आपल्याला होणार नाही, कारण रायटरमध्ये टंकताना रकाना कधीच स्वतःहून हलत नाही. 'टेबल' या मेनूतील 'साइझ'खाली 'ऑप्टिमल कॉलम विड्थ' आहे खरे, पण ते मजकुराला आपण सांगू तेव्हा एकदाच विचारते आणि मग गप्प बसते. ठरीव मापाचे छापील नमुने, वेळापत्रके, याद्या अशा कामांसाठी मला म्हणूनच रायटरची पद्धत अधिक विश्वासाची वाटते. कप्प्याच्या आतली मोकळी जागाही तिथे कमी, प्रत्येक बाजूला सुमारे ०.१ सेंटिमीटर असते, त्यामुळे तेवढ्याच रकान्यात थोडी अधिक अक्षरे बसतात.

माउस नीट चालत नसेल तर कळफलकावरूनही रुंदी बदलता येते. कर्सर रकान्यात ठेवून ऑल्ट कळ धरून डावा किंवा उजवा बाण दाबला की रकान्याची उजवी कड हलते, शिफ्टही बरोबर धरली तर डावी कड हलते. शाळेतल्या मुलांना तक्ता शिकवताना मी हीच रीत आधी दाखवावी असे म्हणेन, कारण रुंदी थोडी थोडी बदलत जाते आणि शेजारच्या रकान्याचे काय होते ते मुलांना डोळ्यांनी दिसते.

प्रश्न : वर्डमधल्या तक्त्यात मी उभी रेघ उजवीकडे ओढली, तर सबंध रेघ न सरकता एकाच ओळीतली सरकली. आता रकान्यात पायरी पडली आहे. ती सरळ कशी करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ओढण्यापूर्वी तो एक कप्पा निवडला गेला होता. कप्पा निवडलेला असताना वर्ड त्या कप्प्यापुरतीच रेघ हलवतो. चूक आत्ताच झाली असेल तर कंट्रोल आणि झेड दाबावे, बाहेर कुठेतरी क्लिक करून निवड सोडावी आणि मग ओढावे. फाइल बंद करून पुन्हा उघडलेली असेल, तर संपूर्ण तक्ता निवडून 'लेआउट'मधील 'डिस्ट्रिब्यूट कॉलम्स' दाबावे. त्याने सर्व रकाने सारखे होतात, पायरी जाते, आणि मग हवी ती रुंदी आकड्यांनी द्यावी. तक्त्यात दोन-तीन कप्पे एकत्र केलेले असतील तर या बटणाने नेहमी नीट निकाल येत नाही. अशा वेळी जोडलेले कप्पे आधी वेगळे करावेत.

ओढतानाच कोणत्या कळा धराव्यात हेही सांगून ठेवतो. नुसते ओढले तर शेजारच्या एका रकान्यातून जागा घेतली जाते. शिफ्ट धरून ओढले तर शेजारी तसाच राहतो आणि तक्ता रुंद होतो. कंट्रोल धरून ओढले तर तक्ता तेवढाच राहून उजवीकडचे सगळे रकाने आपापल्या प्रमाणात आक्रसतात.

प्रश्न : माझी बहीण अमेरिकेत तेथील महाराष्ट्र मंडळाचे काम पाहते. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचा तक्ता तिने मला मुद्रितशोधनासाठी पाठवला. तिच्याकडे तो पानात व्यवस्थित बसतो, माझ्याकडे मात्र उजव्या समासाबाहेर जातो, आणि काही नावे तिच्याकडे एका ओळीत तर माझ्याकडे दोन ओळींत येतात. फाइल एकच असून असे का व्हावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात लिहिल्या आहेत. त्यांची कारणेही वेगळी आहेत.

समासाबाहेर जाण्याचे कारण कागद आहे. अमेरिकेत लेटर हा कागद वापरतात, त्याची रुंदी २१.५९ आणि उंची २७.९४ सेंटिमीटर असते. आपला ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. समास २.५४ सेंटिमीटरचे धरले तर त्यांच्याकडे मजकुराला १६.५१ सेंटिमीटर मिळतात आणि आपल्याकडे १५.९२. आपल्या भगिनींनी तक्त्याला सेंटिमीटरांत किंवा इंचांत ठाम रुंदी दिली असणार, आणि आपण छापण्यासाठी पान ए-४ केलेत. पान बदलल्याचे तक्त्याला कुणी कळवले नाही, त्यामुळे तो ०.५९ सेंटिमीटर बाहेर राहिला. ठाण्याच्या वाचकांना मी ठाम आकडे द्यायला सांगितले, कारण त्यांचा कागद ठरलेला आहे. दोन देशांत उघडल्या जाणाऱ्या फाइलला तो सल्ला लागू नाही. अशा तक्त्यात पानाचाच हक्क वर ठेवावा. वर्डमध्ये 'प्रेफर्ड विड्थ'चे माप सेंटिमीटरऐवजी टक्क्यांत निवडून १०० भरावे, आणि रकान्यांनाही टक्केच द्यावेत: उदाहरणार्थ वेळेला १५, कार्यक्रमाला ५०, सादरकर्त्यांना ३५. रायटरमध्ये याच कामासाठी रुंदीच्या चौकटीशेजारी 'रिलेटिव्ह' ही खूण आहे. मग पान कोणतेही असो, तक्ता समासाला धरून राहतो.

उंचीतला फरकही विसरू नये. लेटरपेक्षा ए-४ कागद १.७६ सेंटिमीटर उंच असल्यामुळे पान कुठे संपते ते बदलते. तक्ता दुसऱ्या पानावर जात असेल, तर पहिली ओळ निवडून 'रिपीट हेडर रोज' दाबून ठेवावे, म्हणजे तो कुठेही तुटला तरी मथळे वर येतात.

नावे दोन ओळींत जाण्याचे कारण फॉन्ट आहे. देवनागरी फॉन्टांत एकाच पॉइंट मापाची अक्षरे सारख्या रुंदीची नसतात. विंडोजमधील कोकिळा आणि अपराजिता हे फॉन्ट त्याच मापाच्या मंगलपेक्षा बरेच लहान दिसतात. भगिनींनी तक्ता कोकिळात केला असेल आणि आपल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर आपला संगणक जवळचा दुसरा फॉन्ट वापरतो. रकाना तेवढाच राहतो, पण आतली अक्षरे रुंद होतात आणि आडनाव खाली उतरते. अशा वेळी रकाना रुंद करून दुरुस्ती करू नका, कारण ती फाइल परत गेल्यावर तिकडची मांडणी बिघडेल. दोघांनी एकच फॉन्ट ठरवून घ्यावा. नोटो सान्स देवनागरी मोफत मिळतो आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर बसवता येतो. तेवढेही शक्य नसेल, तर वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'सेव्ह' या विभागात 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' ही खूण करून फाइल पाठवायला सांगावे.

आपण मुद्रितशोधन करत आहात म्हणून एक विनंती. भगिनींकडून दुरुस्तीसाठी वर्डची फाइल मागवताना तिच्यासोबत तिची पीडीएफ प्रतही मागवा. मजकुराच्या चुका वर्डमध्ये दुरुस्त कराव्यात आणि मांडणी कशी दिसायला हवी हे पीडीएफवरून पाहावे, कारण तिच्यात कागद, फॉन्ट आणि रकाने तिकडे होते तसेच राहतात.